टँगो संगीतातील सहकारी वाद्यवृंद : ओस्वाल्दो पुग्लिएसे आणि सहकारी

अर्जेंटिनाच्या टँगो संगीताच्या इतिहासात पियानोवादक व संगीतकार ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदाला विशेष स्थान आहे. ऑगस्ट 1939 मध्ये ब्यूनस आयर्स येथे सुरू झालेला हा वाद्यवृंद पाच दशकांहून अधिक काळ कार्यरत राहिला. स्वतंत्र वादनशैली आणि सहकारी तत्त्वावर चालणारा कारभार ही त्याची दोन प्रमुख वैशिष्ट्ये होत.

पुग्लिएसे यांचा जन्म 2 डिसेंबर 1905 रोजी ब्यूनस आयर्सच्या विया क्रेस्पो या श्रमिकांच्या वस्तीत झाला. वडील बासरीवादक होते. किशोरवयातच पुग्लिएसे उपाहारगृहांतून पियानो वाजवू लागले. 1921 मध्ये त्यांनी पाकिता बेर्नार्दो या तरुणीच्या वादकसंचात काम केले. व्यावसायिक पातळीवर बँडोनियन वाजवणाऱ्या पहिल्या स्त्री वादक म्हणून बेर्नार्दो ओळखल्या जातात. पुग्लिएसे यांची ‘रेकुएर्दो’ ही आरंभीची रचना हुलिओ दे कारो यांच्या वाद्यवृंदाने 1926 मध्ये ध्वनिमुद्रित केली. टँगोतील श्रेष्ठ रचनांमध्ये तिची आजही गणना होते.

स्वतःचा वाद्यवृंद उभा करण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न फार काळ टिकले नाहीत. 11 ऑगस्ट 1939 रोजी ‘एल नासिओनाल’ या उपाहारगृहात सादर झालेल्या कार्यक्रमापासून मात्र त्यांची वाटचाल अखंड सुरू झाली.

पुग्लिएसे 1936 पासून अर्जेंटिनाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. संगीतकारांच्या कामगार संघटनेच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या वाद्यवृंदात वादक हे पगारी नोकर नव्हते, तर भागीदार होते. मिळकतीची वाटणी प्रत्येकाच्या कामानुसार ठरलेल्या गुणांप्रमाणे होत असे. अनेक वादक स्वतः रचना आणि वाद्ययोजनाही करीत.

बँडोनियन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास ही या पारंपरिक टँगो वाद्यवृंदाची मुख्य अंगे होत. बँडोनियन हे मूळचे जर्मन वाद्य. हार्मोनियमप्रमाणेच त्यातही भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. मात्र ते मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी कळा दाबून वाजवले जाते. पुग्लिएसे यांच्या शैलीत चार मात्रांपैकी पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर, स्वर मागून खेचत आणल्यासारखा जोरकस आघात असतो. त्या ठेक्याच्या नादावरूनच ‘ला युम्बा’ या रचनेला नाव मिळाले. 1946 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ही रचना वाद्यवृंदाची ओळख ठरली. ‘नेग्राचा’ आणि ‘मालांद्राका’ या त्यांच्या रचनांनी पुढील पिढीतील आधुनिक टँगोला वाट दाखवली, असे जाणकार मानतात.

राजकीय मतांमुळे पुग्लिएसे यांना अनेकदा तुरुंगवास भोगावा लागला. वाद्यवृंदाच्या नभोवाणी प्रक्षेपणावरही वेळोवेळी बंदी आली. प्रमुख तुरुंगात असतानाही सहकाऱ्यांनी कार्यक्रम थांबवले नाहीत. अशा वेळी पियानोवर लाल कार्नेशनचे फूल ठेवले जाई आणि प्रेक्षकांना त्याचा अर्थ सांगावा लागत नसे. ज्या संचाचा कारभार सर्वांचा होता, तो एका व्यक्तीच्या अनुपस्थितीत बंद पडला नाही. 1959 मध्ये वाद्यवृंदाने सोव्हिएत संघ आणि चीनचा दौरा केला, तर 1965 मध्ये जपानमध्ये कार्यक्रम सादर केले.

1960च्या दशकात नव्या पाश्चात्त्य संगीताच्या लाटेमुळे टँगोचा श्रोतृवर्ग घटला आणि अनेक मोठे वाद्यवृंद बंद पडले. याच काळात, 1968 मध्ये, बँडोनियनवादक ओस्वाल्दो रुगिएरो यांच्यासह प्रमुख वादकांनी वेगळे होऊन ‘सेक्सतेतो टँगो’ हा संच स्थापन केला. गायक होर्हे मासिएल हेही त्यांच्यासोबत गेले. पुग्लिएसे यांनी साठी ओलांडलेली होती. तरीही त्यांनी तरुण वादकांना घेऊन वाद्यवृंद पुन्हा उभा केला. रोदोल्फो मेदेरोस, दानिएल बिनेली आणि हुआन होसे मोसालिनी हे पुढे नावारूपाला आलेले बँडोनियनवादक याच काळात त्यांच्यासोबत होते.

लष्करी राजवट संपून 1983 मध्ये अर्जेंटिनात लोकशाही परतली. त्यानंतर 26 डिसेंबर 1985 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुग्लिएसे यांनी ब्यूनस आयर्सच्या ‘तेआत्रो कोलोन’ या प्रतिष्ठित संगीतिकागृहात आपल्या वाद्यवृंदासह वादन केले. उपाहारगृहांत आणि वस्त्यांतील नृत्यसभांत वाढलेल्या संगीताला मिळालेला तो मोठा सन्मान होता. जून 1989 मध्ये ॲमस्टरडॅम येथे ते आस्तोर पियाझोला यांच्यासह एकाच मंचावर आले.

25 जुलै 1995 रोजी पुग्लिएसे यांचे निधन झाले. त्यांच्या वाद्यवृंदातील वादकांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘कलर टँगो’ने ही शैली पुढे नेली. अर्जेंटिना व उरुग्वे यांच्या टँगोचा 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. विया क्रेस्पोतील भुयारी रेल्वेच्या मालाबिया स्थानकाला पुग्लिएसे यांचे नाव जोडण्यात आले आहे. अर्जेंटिनातील कलावंतांमध्ये मंचावर जाण्यापूर्वी अपशकुन टळावा म्हणून त्यांचे नाव घेण्याचीही प्रथा आहे.