मेंदूचा व्हॉल्यूम कोण सांभाळतं?

कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी हमखास माईक घेऊन थेट स्पीकरसमोर जातं, आणि अख्ख्या हॉलला कानांवर हात ठेवावे लागतात. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये, माईकमधला परत स्पीकरमध्ये, दर फेरीला अजून मोठा! इंजिनिअरिंगच्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक.

गंमत म्हणजे, मेंदू कसा शिकतो याबद्दल विसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला नियम नेमका असाच होता. १९४९ साली कॅनडातल्या डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाने तो मांडला. एक पेशी दुसरीला पेटवायला वारंवार हातभार लावत असेल, तर त्या दोघींमधला जोड, म्हणजे सिनॅप्स, पक्का होतो. १९७३ मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांचा पेपर आला. ओस्लोच्या लॅबमध्ये सशाच्या मेंदूला विजेचे झपाट्याने झटके दिले, तर तिथले सिनॅप्स कित्येक तास जास्त ताकदवान राहिले. हेबच्या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

पण जरा विचार करा. जोड पक्का झाला की पेशी जास्त पेटणार, जास्त पेटली की जोड अजून पक्का होणार... याला ब्रेक कुठाय? आणि उलट बाजूने, जी पेशी कमी पेटते तिचे जोड ढिले पडत पडत ती कायमची मुकीच व्हायची!

ही अडचण आधी खुपली ती कॉम्प्युटरवर मेंदूची मॉडेलं बनवणाऱ्यांना. त्याच १९७३ साली क्रिस्टोफ फॉन डेर माल्सबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दृष्टिकेंद्राचं मॉडेल केलं. त्यात प्रत्येक पेशीच्या जोडांची एकूण बेरीज कायम तेवढीच राहील अशी अट त्याने वरून घातली. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क जुगाड! प्रोग्रॅम चालला, पण खऱ्या पेशीत ही बेरीज करणार कोण?

उत्तराला पंचवीस वर्षं लागली. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात जीना तुरिजियानो आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी डिशमध्ये वाढवल्या. काही डिशमध्ये टेट्रोडोटॉक्सिन घातलं. हे फुगू माशातलं विष, त्याने पेशींचे विद्युतस्पंद थांबतात. दोन दिवसांनी मोजलं तर गप्प बसवलेल्या पेशींचे सिनॅप्स जास्त ताकदवान झालेले! दुसऱ्या डिशमध्ये पेशींना शांत ठेवणारे संदेशच अडवले. आधी पेशी बेफाम पेटल्या, पण दोन दिवसांत त्यांचा वेग जवळपास मूळ पदावर आला, आणि सिनॅप्स कमजोर झाले होते. पेपर 'नेचर'मध्ये १९९८ साली आला.

म्हणजे पेशीला स्वतःचा एक नेहमीचा वेग असतो. त्यापासून फार दूर गेली की ती सिनॅप्सवर संदेश पकडणाऱ्या रिसेप्टर्सची संख्या कमी-जास्त करते आणि हळूहळू, तासा-दिवसांच्या हिशेबात, परत जागेवर येते. हा झाला निगेटिव्ह फीडबॅक.

खरी मेख पुढेच आहे. ही वाढ-घट बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. समजा तीन जोडांची ताकद २, ४ आणि ८ आहे. सगळ्यांत ४ मिळवले तर ६, ८, १२. आधी चौपट असलेला आता फक्त दुप्पट उरला. म्हणजे शिकलेलं पुसट झालं. पण सगळ्यांना दोनाने गुणलं तर ४, ८, १६. प्रमाण जसंच्या तसं! आठवण जर या प्रमाणात साठवलेली असेल, तर आवाज बदलला तरी गाणं तेच राहतं. हेबचा नियम शिकवतो आणि हा नियम ते शिकलेलं टिकू देतो.

वाढत्या वयात याची गरज सगळ्यात जास्त. तेव्हा मेंदूत सिनॅप्सची संख्या झपाट्याने वाढते. प्रत्येक नवा जोड पूर्ण जोराने ओरडू लागला तर पेशीचं काय होईल? तुरिजियानोंच्याच गटाने २००२ मध्ये दाखवलं की उंदराच्या पिल्लांत जोडांची संख्या वाढते तशी एकेकाची ताकद उतरते. पण डोळ्यांकडून येणारे संदेश रोखले तर ती पुन्हा वर जाते. २०१३ मध्ये याच गटाने जागत्या-फिरत्या उंदरांवर प्रयोग केला. एक डोळा मिटून ठेवल्यावर दृष्टिकेंद्रातल्या पेशींचा वेग दोन दिवस पडला, आणि पुढच्या काही दिवसांत, डोळा मिटलेलाच असताना, पूर्ववत झाला.

मात्र वेग सावरला म्हणजे नजर सावरली असं नाही हं. हुबेल आणि विझेल यांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं की मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत मिटून ठेवला, तर नंतर उघडूनही दृष्टिकेंद्र त्या डोळ्याची फारशी दखल घेत नाही. म्हणूनच जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन 'मोठं झाल्यावर बघू' म्हणून लांबणीवर टाकत नाहीत.

थोडक्यात काय, पेशी आपला आवाज सांभाळते, त्यात गाणं कुठलं वाजतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. ते गाणं बाहेरूनच, आणि वेळेत, यावं लागतं.