सहा सेकंद आणि नऊ वर्षं



टोरोंटो, मॉन्ट्रियल किंवा व्हँकूव्हरला मुलांना घेऊन सॉकरचा सामना पाहायला गेला असाल, तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. गोल होतो, आपण उठून ओरडतो, शेजारच्या अनोळखी माणसालाही टाळी देतो. आणि मग पंच कानाला हात लावून उभे राहतात. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहणारे साहाय्यक पंच, काहीतरी तपासत असतात. दोन मिनिटं जातात, तीन जातात आणि शेवटी गोल रद्द. मुलगा विचारतो, "का?" आपल्याकडे उत्तर नसतं. इतके कॅमेरे आले, तरी चिडचिड का गेली नाही? आज त्याचीच गोष्ट.

क्रिकेटमुळे आपल्याला हा प्रकार जुनाच. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत टीव्हीवर पाहून धावबाद दिलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन. प्रश्न सरळ होता: बॅट रेषेच्या आत की बाहेर? इथे कॅनडात त्याच्या वर्षभर आधीच, १९९१-९२ च्या हंगामापासून, एनएचएल हॉकीत गोल व्हिडिओवर तपासले जाऊ लागले होते. तिथेही प्रश्न रेषेचाच. तरीसुद्धा कॅलगरीच्या माणसाकडे जून २००४ चा विषय काढून बघा! स्टॅनले कपच्या अंतिम फेरीचा सहावा सामना, २-२ अशी बरोबरी, आणि मार्टिन जेलिनाच्या स्केटला लागून पक रेषेपलीकडे गेल्यासारखा दिसला. गोल मिळाला नाही. फ्लेम्स तो सामना हरले, मग सातवाही, आणि हातातोंडाशी आलेला कप गेला. कॅमेरा होता, पण वाद मिटला नाही.

आता येऊ सॉकरकडे. तारीख ६ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिकची उपांत्य फेरी, मैदान मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. क्रिस्टीन सिंक्लेअरने तीन गोल केले होते आणि कॅनडाच्या मुली अमेरिकेविरुद्ध ३-२ ने पुढे होत्या. अशा वेळी पंचांनी गोलरक्षक एरिन मॅकलाउडला दोषी धरलं: चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवला म्हणून. हा नियम पुस्तकात होता, पण त्यावर शिट्टी क्वचितच वाजायची. त्या फ्री किकवर चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, बरोबरी झाली, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी अमेरिका ४-३ ने जिंकली. देशभर संताप उसळला. अनेकांना वाटलं, व्हिडिओ असता तर!

२०१८ मध्ये व्हीएआर फुटबॉलच्या नियमांत अधिकृतपणे आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पुन्हा कॅनडा आणि अमेरिका समोरासमोर. या वेळी व्हिडिओ पाहून पेनल्टी कॅनडाला मिळाली, जेसी फ्लेमिंगने गोल केला, कॅनडा १-० ने जिंकला. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्धही बरोबरीची पेनल्टी व्हिडिओमुळेच मिळाली, आणि शेवटी शूटआउटमध्ये सुवर्णपदक. त्या दिवसाची तारीख? ६ ऑगस्ट. बरोबर नऊ वर्षं.

पण मंडळी, इथेच थोडं थांबून विचार करा. २०१२ साली व्हीएआर असतं, तर न्याय मिळाला असता का? २०१८ च्या नियमांनुसार व्हीएआर फक्त चार गोष्टींत लक्ष घालायचं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा. हाताला लागलेला चेंडू त्यांनी पाहिला असता. सहा सेकंदांची शिट्टी मात्र तशीच राहिली असती. ज्या निर्णयाने सगळं बिघडलं, तिथवर कॅमेऱ्याचा हात पोहोचतच नव्हता.

दुसरी अडचण २०२२ च्या विश्वचषकात दिसली. ३६ वर्षांनी कॅनडाचा पुरुष संघ तिथे पोहोचला होता. बेल्जियमविरुद्ध सुरुवातीलाच व्हीएआरने त्यांना पेनल्टी दिली. अल्फोन्सो डेव्हिसचा फटका कोर्तुआने अडवला. पुढे रिची लारिया पेनल्टी क्षेत्रात पडला, तेव्हा मात्र काहीच मिळालं नाही. कारण व्हीएआर "निर्णय बरोबर आहे का?" असं विचारत नाही. ते विचारतं, "पंचांची चूक अगदी ढळढळीत आहे का?" रेषेचा प्रश्न मोजता येतो; धक्का किती जोराचा, हे शेवटी कुणीतरी ठरवावंच लागतं. आणि तो ठरवणारा माणूस आपल्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. खरी चिडचिड तिथली आहे.

म्हणूनच २०२३ च्या महिला विश्वचषकात पंच व्हिडिओ पाहून झाल्यावर मायक्रोफोनवरून निर्णय सांगू लागल्या. आणि त्या सहा सेकंदांचं काय झालं? २०२५ मध्ये नियम बदलला. आता गोलरक्षकाला आठ सेकंद मिळतात, जास्त लावले तर कॉर्नर. आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून, बोटांवर, सगळ्यांसमोर मोजतात. त्यासाठी ना स्क्रीन लागली, ना नवं यंत्र.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाने "का?" विचारलं, तर त्याला गप्प करू नका. प्रश्न अगदी योग्य आहे. निकाल विरुद्ध गेला तरी माणूस सोसतो. तो कसा लागला हे कळलं नाही, की नऊ वर्षं विसरत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार!