परराष्ट्र धोरण आणि अमेरिकी मतदार

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदार परराष्ट्र धोरणाला सहसा दुय्यम स्थान देतात. महागाई, रोजगार, कर आणि पक्षनिष्ठा यांचा प्रभाव अधिक असतो. २०२४ च्या मतदानोत्तर पाहणीत परराष्ट्र धोरण हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानणारे मतदार सुमारे ४ टक्केच होते. या विषयाचे वजन मात्र अशा आकड्यांवरून पुरते कळत नाही.

अमेरिकी सैनिक मरू लागले की दूरचा प्रश्न घरचा होतो. कोरियातील युद्ध रेंगाळले असताना उमेदवार आयझेनहॉवर यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये स्वतः तेथे जाण्याचे आश्वासन दिले. त्याचा त्यांना लाभ झाला. व्हिएतनाम युद्धामुळे स्वपक्षातच विरोध वाढल्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी मार्च १९६८ मध्ये निवडणुकीच्या शर्यतीतून माघार घेतली. नोव्हेंबरातील मतदानावर या युद्धाचा परिणाम मात्र अपेक्षेहून बराच कमी दिसला. बेंजामिन पेज आणि रिचर्ड ब्रॉडी या अभ्यासकांच्या मते, निक्सन आणि हम्फ्री या उमेदवारांच्या व्हिएतनामविषयक भूमिकांत मतदारांना फारसा फरक जाणवला नव्हता. निवडायला दोन वेगळे पर्यायच नसतील, तर प्रश्न कितीही ज्वलंत असला तरी मतपेटीत त्याचे प्रतिबिंब पडत नाही.

परराष्ट्र व्यवहारावरून मतदार नेत्याची कुवतही जोखतात. तेहरानमधील अमेरिकी ओलिसांचा पेच न सुटल्याने अध्यक्ष कार्टर दुबळे ठरले. १९८० चे मतदान ओलीस धरण्याच्या घटनेच्या वर्षदिनीच झाले. मात्र त्या वर्षीच्या तीव्र महागाईचा वाटाही मोठा होता. युद्धातील यशाचे श्रेय तर फारच लवकर विरते. आखाती युद्धानंतर १९९१ मध्ये थोरल्या बुश यांच्या कारभारावर गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के लोक समाधानी होते. पुढच्याच वर्षी मंदीच्या छायेत त्यांना जेमतेम ३७ टक्के मते मिळाली.

मूळ देशाशी नाते टिकवून असलेल्या समूहांची गोष्ट वेगळी. फ्लोरिडातील क्यूबन-अमेरिकी मतदारांमुळे क्यूबाविषयीच्या धोरणाला राष्ट्रीय राजकारणात लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक महत्त्व आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनमधील डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक मतदारांनी कोणत्याही उमेदवाराला मत न देता गाझा युद्धाबाबतचा निषेध नोंदवला. नोव्हेंबरात अरब-अमेरिकी बहुसंख्य असलेल्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प पुढे राहिले. तरीही हॅरिस यांचा पराभव केवळ गाझामुळे झाला असे म्हणता येत नाही; मिशिगन जिंकूनही त्यांना अध्यक्षपदासाठी लागणारी २७० निर्वाचक मते मिळाली नसती.