वेदीविना मंदिर : मुंबई विद्यापीठाचे दीक्षांत सभागृह

मुंबईच्या फोर्ट भागात, ओव्हल मैदानासमोर, राजाबाई मनोऱ्याच्या शेजारी सर कावसजी जहांगीर दीक्षांत सभागृह उभे आहे. आमच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील फारच थोड्या वाचकांनी ते आतून पाहिले असेल. तथापि आमच्या मुलुखाशी त्याचा एके काळी जवळचा संबंध होता. पुणे विद्यापीठ 1949 साली स्थापन झाले. तोपर्यंत पुणे जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती, आणि इकडच्या एखाद्या मुलाला पदवी समारंभाने स्वीकारायची झाल्यास त्याला याच छताखाली जावे लागे. दौंडकरांची त्यातल्या त्यात सोय होती. पुण्याहून दौंडमार्गे दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग 1858 मध्ये खुला झाला आणि 1863 मध्ये बोरघाट ओलांडला गेला. शिरूरकरांना मात्र आधी नगर रस्त्याने पुणे गाठावे लागे.

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 रोजी, म्हणजे उठावाच्या धामधुमीत जन्मास आले, पण त्याला स्वतःचे घर नव्हते. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्या पहिल्या तुकडीचा 1862 चा पदवीदान समारंभही टाउन हॉलमध्ये उरकावा लागला. पुढच्याच वर्षी कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. हे दाते पंधराव्या वर्षीच नोकरीस लागलेले. त्यांच्या तरुणपणी मुंबईत विद्यापीठच नव्हते, मग पदवी कोठून असणार? आपल्याला जे मिळाले नाही ते इतरांना मिळावे म्हणून दिलेल्या दानाचे मोल आम्हांस अधिक वाटते. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शहरातील अनेक पेढ्या बुडाल्या. सभागृह पूर्ण व्हायला 1874 साल उजाडले, आणि खर्च पावणेचार लाखांच्या पुढे, म्हणजे मूळ देणगीच्या जवळजवळ चौपट झाला.

आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. इंग्लंडातील असंख्य चर्चे बांधण्यात व दुरुस्त करण्यात यांची हयात गेली. भारतात ते कधी आले नाहीत, नकाशे तिकडूनच आले. चर्चे बांधणाऱ्या या हाताला सभागृह सांगितले, तरी त्याच्या हातून उतरले ते चर्चच! लांबी 104 फूट, रुंदी 44 फूट, कमानदार छताची उंची 63 फूट. एका टोकाला भव्य कमान आणि तिच्यापलीकडे अर्धवर्तुळाकार गाभारा. आपल्या मंदिरात जेथे वेदी असते, तेथे या सभागृहात कुलपतींचे व्यासपीठ आहे. तिन्ही बाजूंना आठ फूट रुंदीचा सज्जा आहे. रंगीत काचांची वीस फूट व्यासाची गोल खिडकीही आहे, पण तिच्यात प्रेषित वा संत नाहीत, बारा राशी आहेत. पारशी दात्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या, सर्वधर्मीयांच्या या वास्तूत हा बदल आम्हांस योग्यच वाटतो. अशा उंच छताखाली समूहगीत दुमदुमते आणि घाईघाईचे भाषण विरून जाते, हे कोणाही प्रवचनकाराला सांगायला नको. बाहेरच्या राजाबाई मनोऱ्यातील घड्याळही एके काळी दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या सुरावटी वाजवीत असे.

दार मात्र सर्वांना एकदम उघडले नाही. स्त्रियांना पदवी-परीक्षांची वाट विद्यापीठाने 1883 मध्ये मोकळी केली. पहिली स्त्री पदवीधर झाली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी कॉर्नेलिया सोराबजी. ती अँग्लिकन ख्रिस्ती घराण्यातली, तिचे वडील पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेले. गुणांवर तिचा विलायतेच्या शिष्यवृत्तीचा हक्क होता. केवळ स्त्री म्हणून तो नाकारला गेला. तरीही ती 1889 मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि कायदा शिकली.

1949 नंतर आमच्या जिल्ह्याची मुले गणेशखिंडीत जाऊ लागली. तेथे विद्यापीठाला घर मिळाले ते गव्हर्नरांच्या पावसाळी निवासाचे. 22 जून 1897 च्या रात्री याच प्रासादातील राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या होत्या. ज्या वास्तूत साहेबांच्या मेजवान्या झडल्या, तेथे शेतकऱ्यांची मुले शिकली.

मुंबईचे सभागृह 2006 च्या सुमारास जीर्णोद्धार होऊन पुन्हा उजळले. 2018 मध्ये युनेस्कोने त्या परिसरातील गॉथिक व आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक मुला-मुलींनी मात्र आपले पदवीपत्र महाविद्यालयाच्या कार्यालयात, खिडकीपुढच्या रांगेत उभे राहून, सही करून घेतले आहे. त्यांतली अनेक जण घराण्यातली पहिलीच पदवीधर. त्यांच्या आईवडिलांना टाळ्या वाजवायला सज्जा कोठे होता?