आ करा!

मागच्या शनिवारी अकोल्याला घरी होतो. आबांची दाढ दुखत होती म्हणून त्यांना दाताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सारखे म्हणत होते, "अजून मोठा आ करा." अर्ध्या तासात दाढ बाहेर! रिक्षात आबा म्हणाले, "काढली तर काढली, पन काऊन काढली थे कोनी सांगतलंच नाही ना बाप्पा." विचारणार तरी कसं? तोंडात कापूस.

मग त्यांनी तरुणपणीची गोष्ट सांगितली. तेव्हा दात काढणाऱ्याकडे डिग्री नव्हती, पण बोर्डावर 'रजिस्टर्ड' लिहिलेलं होतं. मला वाटलं, थाप असेल. घरी येऊन १९४८ चा दंतवैद्यक कायदा वाचला, तर तशी सोय खरंच होती! नोंदणीचे दोन भाग. 'अ' मध्ये डिग्रीवाले. 'ब' मध्ये डिग्री नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. कारण उघड आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात साधारण तीन लाख माणसांमागे एक शिकलेला दंतवैद्य असा हिशोब होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि नागपूरचं सरकारी डेंटल कॉलेज निघालं ते थेट १९६८ मध्ये.

पण मला जास्त गंमत वाटली ती दुसऱ्या कलमाची. त्याच कायद्यात 'डेंटल हायजीनिस्ट' आहे. डॉक्टर नसलेला, पण दात साफ करून देणारा आणि दातांची निगा कशी राखायची ते शिकवणारा माणूस. आमच्या भाषेत, रोल डिफाइन केला पण लॉगिन फारसं कुणाला दिलंच नाही. तुम्ही अमरावती-अकोल्यात किती हायजीनिस्ट पाहिलेत? न्यूझीलंडने तर १९२१ मध्येच शाळकरी पोरांचे दात भरायला नर्सना शिकवायला सुरुवात केली होती.

अमरावतीत प्रॅक्टिस करणाऱ्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "चूक तिची झाली तरी पेशंट मलाच धरणार. आणि क्लीनिंग दुसऱ्याला दिलं तर मी दिवसभर काय करू? गल्लोगल्ली दवाखाने आहेत." त्याचं दुसरं वाक्य जास्त खरं वाटलं. पहिलं मात्र गडचिरोलीत खोटं ठरलंय. बंग दांपत्याच्या 'सर्च'ने १९९० च्या दशकात गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. पण तिथे आईला कारणही समजावून सांगत होते. नुसतं काम वाटलं नव्हतं, माहितीही वाटली होती.

असो. सोमवारी रजा टाकून आबांना पुन्हा नेलं. डॉक्टर आतल्या खोलीत होते. टाका बघायच्या आधी तिथली मदतनीस मुलगी आबांशी वऱ्हाडीत बोलत बसली. जेवन जाते का? तिखट लागते का? आबा म्हणाले, तिखट तर वर्षभरापासून सहन होत नाही. हे आम्हाला घरातही माहीत नव्हतं!

"खर्रा किती वर्षं झाले, आबाजी?"

"तीस तरी."

तिने त्यांना स्वतःची बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. तीन जायला हवीत, म्हणाली. दोनही धड जाईनात. सुपारीने गालाची आतली कातडी आवळत जाते, पुढे कॅन्सरचा धोका असतो, हे तिने आबांनाच सांगितलं, मला नाही. मग ती आत गेली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी नवे हातमोजे चढवले आणि या वेळी आबांच्या हातात आरसा दिला.