चाळिशी घरपोच

माझा चष्मा मोडला तो दुसऱ्या कुणाच्या हातून नव्हे. मी स्वतः त्याच्यावर बसलो. दिवाळी होऊन गेली होती, लाखांदुरात धान चुरण्याचे दिवस होते. अंगणातल्या खाटेवर चष्मा ठेवून मी तोंड धुवायला गेलो आणि परत येऊन त्याच खाटेवर बसलो. चष्मा डोळ्यांवर नव्हता, म्हणून चष्मा दिसला नाही, असा बिनतोड युक्तिवाद मी सौभाग्यवतींपुढे केला. तिनं शांतपणे विचारलं, "आणि मोडल्याचा आवाज? तो ऐकायलासुद्धा चष्मा लागतो का?"

माझा नंबर उणे पाच. म्हणजे चष्म्याशिवाय चुलबंद नदी, तिच्यावरचा पूल आणि पुलावरून येणारा पाहुणा ह्यांत मला फारसा फरक करता येत नाही. पाहुण्याच्या बाबतीत ही सोयच म्हणायची, पण पुलाच्या बाबतीत नव्हे. आजवर चष्मा मोडला की मी भंडाऱ्याला जात असे. एस.टी.नं जायचं, अंधाऱ्या खोलीत बसून भिंतीवरची अक्षरं वाचायची आणि चिठ्ठी घेऊन यायचं, की दिवस संपला.

ह्या वेळी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आता कोण जातं भंडाऱ्याला? मोबाईलवर मागवा. घरपोच येतो."

"अरे, पण नंबर?"

"जुन्या चिठ्ठीवर आहे की! आणि आईचाही मागवून टाकू. तिला आता किती, पंचावन्न ना? मग अधिक दोन."

"तुला कसं कळलं?"

"वयावरून तक्ता असतो, बाबा."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुणी काही नवीन म्हणून सांगितलं की ते जुनं आहे हे सिद्ध केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आणि इथं तर पुरावा हाताशीच होता. वाचायच्या चष्म्याला आपण मराठीत काय म्हणतो? चाळिशी! 'त्याला चाळिशी लागली' म्हटलं की चष्मा लागला असा अर्थ होतो. नंबर बिंबर कोण विचारतो? वय झालं, चष्मा लावा. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं अक्षर दिसेनासं होतं, हे शास्त्र नंतरचं. आपल्या भाषेनं ते आधीच एका शब्दात बसवून टाकलं होतं.

चष्म्याचा जन्म झाला इटलीत, तेराव्या शतकाच्या अखेरीला. 1306 साली फ्लॉरेन्समध्ये जॉर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकानं प्रवचनात सांगितलं, की ही कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत, आणि ज्यानं ती काढली त्याला मी स्वतः भेटलो आहे, बोललो आहे. नाव मात्र सांगितलं नाही! प्रवचनकार मंडळी नेमकी महत्त्वाची गोष्ट सांगायची विसरतात, ही परंपरा किती जुनी आहे पाहा. पुढं ह्या रिकाम्या जागेत लोकांनी आपापल्या गावचं नाव भरण्याचा उद्योग केला. फ्लॉरेन्सच्या एका अभिमानी नागरिकानं तर 1684 मध्ये आपल्या गावच्या एका माणसाला चष्म्याचा जनक करून टाकलं आणि त्याच्या थडग्यावरचा लेखही छापला. हा जनक बनावट होता, हे विसाव्या शतकात उघडकीला आलं.

चष्मा घातलेल्या माणसाचं पहिलं ज्ञात चित्र 1352 सालचं. ते इटलीतच, त्रेव्हीसो गावी एका मठाच्या भिंतीवर आहे. त्यात एक कार्डिनल नाकावर चष्मा अडकवून लिहीत बसला आहे. गंमत अशी, की हा कार्डिनल वारला 1263 साली, म्हणजे चष्मा निघण्याच्या आधी. पण माणूस विद्वान दाखवायचा तर चष्मा हवाच, असं चित्रकाराला वाटलं असावं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही हाच नियम असे. मास्तरची भूमिका करणाऱ्या पोराला आधी चष्मा आणि मग संवाद.

आता मुद्द्याची गोष्ट. 21 ऑक्टोबर 1462 रोजी मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा ह्यानं फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाला पत्र धाडलं, की तिथले चष्मे उत्तम असतात असं ऐकतो, तरी तीन डझन पाठवा. एक डझन लांबचं पाहणाऱ्या तरुणांसाठी, एक डझन जवळचं पाहणाऱ्या वृद्धांसाठी आणि एक डझन साधारण नजरेसाठी. मला स्वतःला देवाच्या दयेनं लागत नाही, हेही लिहायला तो विसरला नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं हे वाक्य साऱ्या जगात सारखंच. चारच वर्षांनी, 1466 मध्ये, त्याच्या मुलानं आणखी दोनशे चष्मे मागवले, तेही वयवार. तिशीचे, पस्तिशीचे, चाळिशीचे, असं पाच-पाच वर्षांनी चढत थेट सत्तरीपर्यंत. ना कुणाचे डोळे पाहिले, ना कुणाला अक्षरं वाचायला लावली. वय लिहा, माल घरपोच! माझ्या मुलाचा तक्ता साडेपाचशे वर्षांपूर्वीचा निघाला.

आपल्याकडे चष्मा कधी आला, ह्याचा शोध घेणारा माणूस आपल्या पुण्यातलाच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे. हत्तीपासून हातमोज्यापर्यंत कशाचाही इतिहास शोधायला हा माणूस पोथ्या उपसत बसे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातल्या व्यासराय स्वामींच्या संस्कृत चरित्रात, 1520 च्या सुमाराचा, चष्म्याचा उल्लेख गोड्यांनी पुढं आणला. गोव्यात पोर्तुगीज नुकतेच स्थिरावले होते, तेव्हा वस्तू त्यांच्याकडून आली असावी हा तर्क सरळ आहे. नाव मात्र आपण इराणातून घेतलं. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा.

पुढची कित्येक शतकं चष्मा हा फेरीवाल्याच्या पेटीतला माल होता. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, असाच एक चष्मेवाला बसे. आजोबा त्याच्यापुढं उकिडवे बसून एकेक चष्मा चढवत. तपासणीसाठी सुई-दोरा घरून नेलेला असे. ज्या चष्म्यानं दोरा ओवला गेला तो चष्मा आपला. पद्धत वाईट नव्हती. आजोबा घरी आले की आजी तोच चष्मा लावून तांदूळ निवडत असे. एका नंबरात संसार होत होता.

हे चित्र पालटलं एकोणिसाव्या शतकात. हर्मान स्नेलन ह्या डच डॉक्टरनं 1862 मध्ये भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता केला. 1872 मध्ये मोनोयर नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं भिंगाची ताकद मोजायला डायॉप्टर हे माप सुचवलं. माझे उणे पाच ते त्याच मापातले. पण ह्या दोघांच्याही आधी, 1851 मध्ये, जर्मनीत हेल्महोल्ट्झनं एक उपकरण केलं होतं. त्यातून जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत, थेट पडद्यापर्यंत पाहता येऊ लागलं. तोपर्यंत डोळा बाहेर पाहत असे. आता डोळ्यात कुणी तरी पाहू लागलं. ह्या शोधाची किंमत मला तेव्हा कळली नव्हती, नंतर कळली.

चष्मा पुन्हा पेटीत गेला तो आपल्या डोळ्यांदेखत. लेन्सकार्टची ऑनलाइन विक्री 2010 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत वॉर्बी पार्कर निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एकजण विमानात चष्मा विसरला होता आणि नवा परवडेना म्हणून महिनोन् महिने तसाच वावरत होता म्हणे. त्यानं निदान चष्मा विसरून कंपनी काढली. मी चष्म्यावर बसून काय मिळवलं ते आता सांगतो.

मी कुठून मागवला ते सांगत नाही, कारण चूक सर्वस्वी माझी. नंबर भरून झाल्यावर मोबाईल म्हणाला, दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं आहे, तरी बँकेचं कार्ड कपाळाला लावून कॅमेऱ्यात पाहा. मी सावध झालो. बँकेचं कार्ड कॅमेऱ्याला दाखवू नका, असं रोज वर्तमानपत्रात येतं. मी कपाटातून वाचनालयाचं सभासद-कार्ड काढलं आणि कपाळाला लावून बसलो. शेजारचा शेतकरी कुंपणावरून पाहत होता. "काऊन जी सर, आता डोरेबी घरीच मंगवता का?" त्यानं विचारलं. कपाळावर कार्ड असल्यामुळे मला मान हलवता आली नाही.

पाच-सहा दिवसांत दोन डब्या आल्या. सौ.नं आपला चष्मा लावला, पंचांग उघडलं आणि म्हणाली, "अय्या, किती स्वच्छ!" मी माझा लावला. अक्षर स्वच्छ दिसलं, पण अंगण किंचित चढावर गेलं. पायरी होती त्याहून अलीकडे आली. सवय होईल म्हणून दोन दिवस काढले. संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायचं. तिसऱ्या रात्री गावात नाटक होतं. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे रात्रभराचं काम, त्यासाठी वडशाहून मंडळी आलेली. पहिल्या अंकात सारं ठीक होतं. मध्यरात्रीनंतर डोळे थकले आणि एका खलनायकाचे दोन झाले. नायिकेचा बाप दोघांपुढे हात जोडतो आहे असं मला दिसत होतं आणि त्यामुळे त्याच्याबद्दल दुप्पट वाईट वाटत होतं.

शेवटी एस.टी. पकडून भंडारा गाठलं. एकटं जायला पायऱ्यांची भीती वाटत होती, म्हणून सौ. हात धरायला आली. डॉक्टरांनी माझा नवा चष्मा यंत्रावर ठेवला आणि विचारलं, "गुरुजी, हे अंतर कुणी मोजलं?" मी कार्डाची कथा सांगितली. ते पोट धरून हसले. जगातलं प्रत्येक बँकेचं कार्ड 85.6 मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच पट्टीनं मोबाईल चेहरा मोजतो. आमच्या वाचनालयाचं कार्ड त्याहून बोटभर लांब. मोबाईलनं ते बँकेचंच समजून माझा चेहरा अरुंद केला. बाहुल्यांत अंतर 64 मिलिमीटर, चष्मा आला 58 चा. भिंगाचा मध्य दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर आत सरकला. नंबर लहान असता तर खपलं असतं. उणे पाचाला तेवढ्यानं भिंगाचा लोलक होतो आणि दोन्ही डोळे दिवसभर एकमेकांशी ओढाताण करतात.

मग डॉक्टर सौ.ला म्हणाले, "आल्याच आहात तर बसा, वहिनी." ती म्हणाली, "माझा चष्मा अगदी छान आहे हो." त्यांनी तपासलं. नंबर बरोब्बर अधिक दोन! मुलाच्या तक्त्यानं आणि मिलानच्या ड्यूकनं मिळून मला हरवलं. मी चेहरा पाडून बसलो होतो. पण डॉक्टर उठले नाहीत. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला, थेंब टाकले आणि यंत्रातून बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला नजरेचा त्रास होता?"

"वडील शेवटी शेवटी दाराच्या चौकटीला धडकायचे," ती म्हणाली. "आम्ही म्हणायचो, वय झालं."

काचबिंदू होता. नुकताच सुरू झालेला. तो दुखत नाही, अक्षर पुसट करत नाही. हळूहळू कडेची नजर खातो आणि मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. माणूस पंचांग वाचत राहतो आणि दारावर धडकत राहतो. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर उरलेली औषधानं राखता येते. जवळच्या नात्यात कुणाला असेल तर चाळिशीनंतर डोळे तपासून घेत राहावं, असं डॉक्टर म्हणाले. मला काही सुचेना. तिचा चष्मा बरोबर होता, डोळा बरोबर नव्हता. आणि चष्मा बरोबर असल्यामुळेच ती पुढची पाच वर्षं कुणाच्याही पुढं बसली नसती. सासऱ्यांच्या त्या चौकटी मला एकेक आठवू लागल्या. चहा प्यायला गेल्यावर तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

मोबाईलवर माझा राग नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नंबराशेजारी बाहुल्यांचं अंतरही लिहून दिलं. त्या चिठ्ठीवरून मी पुन्हा घरबसल्या चष्मा मागवला आणि तो उत्तम आला, भंडाऱ्याहून स्वस्तही पडला. वस्तू पेटीतून यायला हरकत नाही. फक्त पेटीला डोळ्यात पाहता येत नाही. त्यासाठी अजून कुणाच्या तरी समोर जाऊन बसावं लागतं. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं आता भंडाऱ्याची एस.टी. धरतो. पुण्याच्या चिरंजिवांनाही आईनं तंबी दिली आहे, की चाळिशी आली की आधी डोळे दाखव, मग तक्ता दाखव.

रोज रात्री नऊ वाजता तिच्या डोळ्यांत थेंब टाकणं हे माझं काम. ती खाटेवर आडवी होते, मी चष्मा सावरून नेम धरतो. परवा थेंब टाकता टाकता मी म्हटलं, "त्या दिवशी मी चष्म्यावर बसलो नसतो तर?"

डोळे मिटूनच ती म्हणाली, "खरं आहे. तीस वर्षं तुम्ही नुसते बसून आहात. एकदा तरी उपयोग झाला."