मुखदूषिका

पेडणें आणि डिचोली या तालुक्यांतून सकाळच्या बसगाड्यांनीं पणजीस शिकावयास येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यांकडे वाचकांनीं एकदां लक्षपूर्वक पाहावें. कित्येकांच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर मुरुमांनीं ठाण मांडलेलें असतें. नाकाच्या शेंड्यावर काळे ठिपके दिसतात. वडीलधाऱ्यांना ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी वाटते. ज्याच्या तोंडावर ती उमटते, त्याला मात्र तशी वाटत नाहीं. कांहीं मुलें मान वर करून बोलेनाशीं होतात, सणासमारंभास जाण्याचें टाळतात. म्हणून क्षुल्लक गणल्या गेलेल्या या दुखण्याचा इतिहास थोडक्यांत सांगावा, असें आम्हांस वाटलें.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं हें दुखणें ओळखलें होतें. सुश्रुतसंहितेंत तें क्षुद्ररोगांमध्यें येतें. तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या, सांवरीच्या कांट्यांसारख्या या पुटकुळ्यांस तेथें मुखदूषिका म्हटलें आहे. कफ, वायु आणि रक्त हीं कारणें सांगून वमन, तसेंच वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सुचविला आहे. लेपाचे गुण आज कोणी कसेही ठरवोत. पण हें दुखणें वयाचें आहे, वर्तनाचें नव्हे, ही खूण सुश्रुतानें पटविली होती. पुढच्या पिढ्या ती विसरल्या, आणि नांवांतला 'दूषिका' हा शब्द तेवढा लोकांच्या मनांत राहिला.

युरोपची समजूत याहून विचित्र होती. काळा ठिपका दाबला असतां जी बारीक वात बाहेर येते, तिला तेथील लोक किडा समजत. वैद्यकांतील 'कोमेडो' हा शब्द खाऊन टाकणें या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासूनच आला. किडा गेला तेव्हां त्याची जागा मळानें घेतली. हा काळा ठिपका म्हणजे न धुतलेली घाण, अशी समजूत आपल्याकडेही घरोघर आहे. आणि तिच्यापायीं कित्येक मुलें तोंड घासघासून लाल करून घेतात.

या बाबतींत गोमंतकाची परंपरा आठवण्यासारखी आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि १५६३ सालीं त्याचा औषधींवरील संवादग्रंथ येथेंच छापला गेला. पोथींत काय लिहिलें आहे यापेक्षां डोळ्यांना काय दिसतें, याला त्यानें अधिक मान दिला. ग्रंथांत मालुपा नांवाच्या येथल्या हिंदु वैद्यालाही बोलतें केलें. पुढें १६७५ सालीं कोचीन येथें रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघां कोंकणी वैद्यांनीं 'होर्तुस मलबारिकुस' या वनस्पतिग्रंथासाठीं आपल्या भाषेंत, नागरी लिपींत साक्षपत्र लिहून दिलें. १८४२ सालीं पणजींत वैद्यकीय विद्यालय निघालें. आजचें बांबोळीचें महाविद्यालय त्याचेंच वारस. जाणत्यास विचारावें आणि विचारलेलें पडताळून पाहावें, ही रीत या भूमीला परकी नाहीं.

पडताळून पाहिल्यावर काय दिसलें? वयांत येतांना शरीरांतील अंतःस्रावांमुळें त्वचेच्या स्निग्ध ग्रंथि अधिक तेल सोडूं लागतात. केंसांच्या मुळांशीं मृत पेशी चिकटून तोंड बुजतें. आंत साचलेल्या तेलांत जंतु वाढतात आणि दाह होऊन फोड येतो. तोंड उघडें राहिलें तर ठिपका काळा दिसतो. तो काळेपणा मळाचा नसून त्वचेच्या रंगद्रव्याचा आणि हवेशीं झालेल्या संयोगाचा असतो. धुऊन तो जात नाहीं.

१९६९ सालीं अमेरिकेंत क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'अ' जीवनसत्त्वापासून केलेल्या मलमाचा मुरुमांवरील उपयोग प्रसिद्ध केला. छिद्रें बुजूं न देणारें हें पहिलें समर्थ औषध. परंतु याच क्लिगमननीं फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांवर वर्षानुवर्षें त्वचेचे प्रयोग केले होते. १९७४ सालीं ते बंद झाले, हेंही विसरतां येत नाहीं. १९८२ सालीं अमेरिकेंत मान्य झालेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी तीव्र मुरुमांवर फार गुणकारी ठरली. मात्र गर्भास ती घातक असल्यानें तज्ज्ञाच्या देखरेखीवांचून घ्यावयाची नसते.

ज्यांची त्वचा नाजूक आहे, त्यांनीं सौम्यपणाची कांस धरावी. दिवसांतून दोनदां कोमट पाण्यानें आणि सौम्य द्रव्यानें तोंड धुवावें, घासूं नये. लिंबू, दंतमंजन आणि खरखरीत पिठें चेहऱ्यापासून दूर ठेवावीं. खोबरेल केंसांना उत्तम, पण मुरूम असलेल्या चेहऱ्यावर छिद्रें बुजविण्याचें भय असतें. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचें घेतलें तरी पुष्कळदां पुरतें, आणि आग कमी होते. 'अ' जीवनसत्त्वाचें मलम वैद्याच्या सल्ल्यानें, आरंभीं एक दिवसाआड रात्रीं, वाटाण्याएवढेंच लावावें. उन्हांत जातांना त्वचेस जपावें. गुण दिसावयास दोन-तीन महिने लागतात. घाईनें पुटकुळी फोडली, तर तिचा व्रण आयुष्यभर राहूं शकतो.

एक धोका विशेष सांगावयास हवा. रंग उजळ करणारें म्हणून कोणी सुचविलेलें मलम पुष्कळदां स्टिरॉइडयुक्त असतें. त्यानें चार दिवस चेहरा निवळतो, मग त्वचा पातळ होते, लाली चढते आणि मुरूम अधिकच उसळतात. अशीं अनेक मलमें २०१८ सालीं सरकारनें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. पण घराघरांत सल्ला देणाऱ्यांवर कोणता कायदा चालणार?

म्हणून वडीलधाऱ्यांना आमची विनंति आहे. मुलाच्या तोंडावर फोड दिसला कीं त्याच्या खाण्याचा, झोंपेचा, मनाचा पंचनामा करूं नये. त्याला जवळ बसवावें, हें तुझें पाप नव्हे असें सांगावें, आणि गरज पडल्यास त्वचातज्ज्ञाकडे न्यावें. मुख दूषित होत नाहीं. दूषित होते ती आपली नजर. ती निवळली, तर अर्धें औषध घरांतच झालें.